पदवीची भेट म्हणून महागडं घड्याळ: ही रीत आली कुठून, आणि पैसे नेमके कशाचे लागतात?

शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मुलगा बाहेर पडतो, किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून मुलगी पदवी घेऊन घरी येते. गाऊन-टोपीतला फोटो स्टेटसला लागतो. दुसऱ्या दिवशी अजून एक फोटो येतो. मनगटावर नवंकोरं घड्याळ, मागे गाडीचं स्टीअरिंग आणि खाली 'थँक्स बाबा'.

असे फोटो आता फक्त पुण्या-मुंबईचे राहिले नाहीत. खामगाव, चिखली, मलकापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ते फिरतात. ते पाहून बऱ्याच आईबापांच्या मनात येतं, आपणही पोराला काहीतरी 'चांगलं' घ्यावं. पण चांगलं म्हणजे किती हजारांचं? आणि घड्याळच का?

आधी घड्याळ मिळायचं ते जावयाला

आपल्याकडे घड्याळ ही पदवीची भेट कधीच नव्हती. ती लग्नाची वस्तू होती. सायकल, रेडिओ, घड्याळ आणि अंगठी ही यादी जुन्या लोकांना अजून तोंडपाठ असते. नवरदेवाच्या हातात घड्याळ दिसलं की ते सासऱ्याने दिलं, हे न सांगता कळायचं. पुष्कळ घरांत ती भेट नसायची, सरळ सरळ मागणी असायची.

गंमत बघा, १९६१ साली दोन गोष्टी घडल्या. त्या वर्षी हुंडा प्रतिबंधक कायदा आला आणि त्याच वर्षी सरकारी कंपनी एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूत घड्याळांचा कारखाना सुरू केला. कायदा कागदावर राहिला आणि हुंड्याच्या यादीत एचएमटी जाऊन बसलं.

त्याआधी घड्याळ म्हणजे विलायती माल. १८८६ साली मुंबईत सुरू झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीची स्विस घड्याळं फौजेतल्या आणि सरकारी नोकरीतल्या माणसांच्या हाती दिसायची. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. सोन्याबरोबर घड्याळांचीही तस्करी चालायची, इतकी त्यांची ओढ होती. त्यामुळे 'जनता', 'पायलट', 'कांचन' ही एचएमटीची मॉडेलं मिळणं हीच मोठी गोष्ट होती. ओळख लावावी लागे, थांबावं लागे.

१९८४ साली टाटा समूह आणि तामिळनाडू सरकारच्या औद्योगिक महामंडळाने मिळून टायटन काढली. टायटनने बॅटरीवरचं क्वार्ट्झ घड्याळ घरोघर नेलं, आणि त्याहून मोठं काम जाहिरातीने केलं. मोझार्टची ती धून आठवते? त्या जाहिरातींमधून घड्याळ ही आपल्या माणसाला प्रेमाने द्यायची भेट म्हणून लोकांच्या मनात बसली. एचएमटी यांत्रिक घड्याळांत अडकून मागे पडली, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

पदवीला घड्याळ देण्याची चाल अमेरिकेतली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या हॅमिल्टन, बुलोवा, एल्जिन या कंपन्या निकालाचा हंगाम आला की 'पदवीधराला घड्याळ द्या' अशा जाहिराती करायच्या. 'घड्याळ पिढ्यान्‌पिढ्या चालतं, बापाकडून मुलाकडे जातं' हे जे आपण हल्ली ऐकतो, तेही बरंचसं जाहिरातीचंच देणं आहे. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने १९९६ पासून याच कल्पनेवर जगभर मोहीम चालवली. म्हणून भावना खोटी ठरत नाही, पण दुकानात शिरताना हे माहीत असलेलं बरं.

आणि तरीही या नव्या रीतीत एक गोष्ट आवडण्यासारखी आहे. सासऱ्याऐवजी आईबाप देतात, लग्नाऐवजी शिक्षणासाठी देतात, आणि मुलीलाही देतात. पदवीच्या दिवशी आईने बांधलेलं घड्याळ मुलीचं स्वतःचं असतं. लग्नाच्या देण्याघेण्याच्या यादीत ते येत नाही.

'लक्झरी' म्हणजे काय?

याची सरकारी व्याख्या नाही. दुकानदाराच्या भाषेत साधारण असं असतं: काही हजारांत टायटन, कॅसिओ, सिटिझन, सायको. पंचवीस-तीस हजारांच्या पुढे टिसॉटसारखी स्विस घड्याळं सुरू होतात. लाख-दीड लाखाच्या पुढे लाँजिन, त्यावर ओमेगा, आणि रोलेक्सची सुरुवातच काही लाखांपासून.

आता एक विचित्र गोष्ट. महाग घड्याळ वेळ जास्त अचूक दाखवत नाही. स्वित्झर्लंडमध्ये सीओएससी ही संस्था यांत्रिक घड्याळं तपासून प्रमाणपत्र देते. त्या प्रमाणपत्रासाठी दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढा फरक चालतो. बॅटरीवरचं साधं घड्याळ साधारण महिन्याला १५ सेकंद चुकतं. म्हणजे अचूकताच हवी असेल तर हजार-दीड हजाराचं घड्याळ लाखाच्या घड्याळाला हरवतं, आणि मोबाइल दोघांनाही.

मग पैसे कशाचे? हाताच्या हालचालीने स्प्रिंगला चावी बसते, बॅटरी लागत नाही, आत शेकडो बारीक भाग फिरत असतात, केसवर हाताने फिनिशिंग असतं. आणि नावाचे पैसे असतात, ते सगळ्यात जास्त. 'स्विस मेड' या दोन शब्दांना अर्थ आहे: १ जानेवारी २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा लागतो. उरलेला कुठूनही आला तरी चालतो.

(काही अतिमहाग घड्याळांची तबकडी उल्केच्या लोखंडाची असते. ती उल्का बहुतेक वेळा नामिबियातली असते. आपल्या लोणारला विवर आहे, तबकडीला लागणारं लोखंड नाही.)

ऑटोमॅटिक घड्याळ देणार असाल तर मुलाला आधी समजावून सांगा. दोन दिवस हातात घातलं नाही तर ते बंद पडतं. लॅपटॉप, मोबाइलचं स्पीकर, चुंबकाचं कव्हर यांच्याजवळ ठेवलं तर पुढे पळू शकतं. तबकडीवर ३० मीटर लिहिलंय म्हणून विहिरीत उडी मारायची नाही. ३० मीटर म्हणजे हात धुताना पडणारं पाणी, एवढंच. पाच-सात वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं. स्विस घड्याळाचं बिल काही हजारांपासून पुढे कितीही जातं. ते कोण भरणार, हेही आजच बोलून घ्या.

पन्नास हजार म्हणजे किती सोयाबीन?

बुलढाणा जिल्ह्यात हिशेब असाच लागतो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. पन्नास हजारांचं घड्याळ म्हणजे हमीभावाने साडेनऊ क्विंटलच्या आसपास. कोरडवाहू एकरात चार-पाच क्विंटल निघाले असं धरलं, तर दोन एकरांचं सगळं पीक मनगटावर. बियाणं, फवारणी, काढणीचा खर्च यात धरलेलाच नाही. आणि बाजारात हमीभाव मिळतोच असं नाही, हे मोंढ्यावर जाणाऱ्याला सांगायला नको.

दुसरा हिशेब शैक्षणिक कर्जाचा. बँकांच्या नेहमीच्या योजनेत शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराची सवलत असते, मग हप्ते सुरू होतात. सवलतीच्या काळातही व्याज चढतच असतं. म्हणजे पदवी हातात पडते त्याच दिवशी कर्जाचं घड्याळही सुरू होतं. पाच लाख रुपये दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,६०० रुपये येतो. पन्नास हजार म्हणजे साडेसात हप्ते. नोकरी लागायला सहा महिने उशीर झाला, तर याच पैशाने घर तगतं.

'पण घड्याळ म्हणजे गुंतवणूक ना?' हा प्रश्न रील पाहून येतो. बहुतेक घड्याळांची किंमत दुकानाबाहेर पडताच घसरते. वर जाणारी मॉडेलं मोजकी, ती मिळायलाही रांग, आणि किंमत लाखांत. सोन्याची गोष्ट वेगळी. पेरणीच्या वेळी हातात पैसा नसेल तर गळ्यातलं ठेवून कर्ज काढता येतं, हे आपल्या भागात प्रत्येक घराला माहीत आहे. घड्याळ तारण घेणारी बँक मात्र सापडणार नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर नियम एकच. कर्ज काढून किंवा ईएमआयवर ही भेट घेऊ नका. घरात शिल्लक असेल, पोराला खरंच हौस असेल, तर खुशाल घ्या. कारण हौसेचाही प्रश्न आहे. 'बाबा, मले घड्याळ कायले? मोबाइलात टाइम दिसतेच' असं नांदुऱ्याच्या पोराने म्हटलं, तर त्याला लॅपटॉप किंवा पुण्यात खोली घ्यायला डिपॉझिट हवं असू शकतं. विचारून घ्यायला लाजू नका. अचानक दिलेली भेट स्टेटसला छान दिसते, पण तिसऱ्या महिन्यात कपाटात जाते.

घ्यायचंच ठरलं तर

मोठ्या स्विस ब्रँडची दुकानं जिल्ह्यात शोधत बसण्यात अर्थ नाही. नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावं लागतं. समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजाजवळून जातो, जून २०२५ पासून तो पूर्ण सुरू आहे, त्यामुळे जाऊन येणं सोपं झालं. निघण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी पाहा आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे तेही बघून घ्या.

दुकानात तीन गोष्टी हातात पडल्याशिवाय उठू नका: जीएसटीचं पक्कं बिल, तारीख आणि शिक्का असलेलं वॉरंटी कार्ड, आणि कार्डावरचा नंबर घड्याळावरच्या नंबरशी जुळतोय याची खात्री. हे कागद नसतील तर पुढे दुरुस्तीलाही त्रास होतो आणि विकायलाही.

कर? आईवडिलांनी मुलाला दिलेल्या भेटीवर मुलाला आयकर लागत नाही, किंमत कितीही असो. मात्र रोखीचा नियम लक्षात ठेवा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम दुकानदाराला एका व्यवहारात रोख घेता येत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून कापसाचे पैसे पिशवीत घेऊन गेलात तरी नियम तोच. दहा लाखांहून महाग घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. एवढी किंमत देणारा वाचक आपल्याकडे क्वचितच, पण माहिती असावी.

घाई नसेल तर थांबण्यातही फायदा असू शकतो. स्वित्झर्लंड ज्यात आहे त्या एफ्टा गटाशी भारताने केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. ते गिऱ्हाइकापर्यंत किती पोहोचतं, ते ब्रँडच्या हातात.

'फर्स्ट कॉपी' मात्र टाळा. इन्स्टाग्रामवर तीन हजारांत रोलेक्स विकणारी खाती ढिगाने आहेत. ट्रेड मार्क्स कायदा १९९९ नुसार बनावट ब्रँडचा माल विकणं हा गुन्हा आहे, त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. पण खरी अडचण कायद्याची नाही. पोरगं ते घालून पहिल्या नोकरीवर जातं, तिथे घड्याळ ओळखणारा एखादा साहेब असतो आणि त्याची नजर मनगटावर थांबते. बापाने दिलेल्या भेटीची लाज पोराला वाटावी, इतकं वाईट दुसरं काही नाही.

ट्रंकेतलं एचएमटी

अजून एक वाट आहे आणि ती सगळ्यात स्वस्त. आजोबांचं जुनं एचएमटी घरात कुठेतरी पडलेलं असतं. तबकडीवर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं, काच पिवळी पडलेली, पट्टा गेलेला. चावीचं घड्याळ वर्षानुवर्षं बंद राहिलं तरी बहुतेक वेळा आतलं तेल सुकलेलं असतं, यंत्र मेलेलं नसतं. बाजारपेठेत भिंग लावून बसणारा जुना घड्याळजी ते उघडून, धुऊन, तेल घालून चालू करू शकतो. खर्च नव्या घड्याळाच्या मानाने किरकोळ.

त्याला दोन गोष्टी आधीच बजावून ठेवा. तबकडी रंगवायची नाही, आणि बदललेला प्रत्येक भाग परत द्यायचा. रंगवलेल्या तबकड्या आणि इकडचे-तिकडचे भाग जोडून बनवलेल्या घड्याळांना जगभरातले शौकीन चक्क 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ऑनलाइन 'रिस्टोअर्ड एचएमटी' म्हणून मिळणारी पुष्कळ घड्याळं याच जातीची असतात, तेव्हा घरचं नसेल तर बाहेरून घेताना जपून.

त्याच्या मागच्या झाकणावर पदवीची तारीख कोरून घेता येते. नव्या महाग घड्याळावर असं कोरलं की विकताना भाव पडतो, म्हणून विकण्याचा विचार असेल तर ते टाळतात. आजोबांच्या घड्याळाला तो प्रश्नच येत नाही. फक्त कोरण्याआधी नीट पाहा. कधीकधी तिथे आधीच एक तारीख असते, लग्नाची किंवा निवृत्तीची. तिच्याखाली नवी तारीख घालायला जागा सहसा उरलेली असते.