थंड की गरम?

"परकीय भागभांडवल ४० टक्क्यांवर आणा," असे सरकारने सांगितले, तेव्हा १९७७ साली कोकाकोलाने भारतातून गाशा गुंडाळला. आता माणसे मुकाट्याने माठातले पाणी पितील, असे ज्याला वाटले असेल त्याला माणूस कळलाच नाही! त्याच वर्षी थम्स अप आले. खुद्द जनता सरकारने 'डबल सेव्हन' काढले. पुढे सरकार पडले आणि त्या पेयातलीही हवा गेली. १९९३ साली कोकाकोला परतली आणि तिने थम्स अपच विकत घेतले.

बाटल्या बदलल्या, साखर जागची हलली नाही. ३०० मिलिलिटरमध्ये ती सुमारे आठ चमचे! चहात कुणी एवढी ढवळू लागला, तर शेजारचा हात धरील. पण गार असले की जिभेला तितकेसे कळत नाही.

शिवाय आमचे आदरातिथ्य. "थंड की गरम?" एवढेच विचारायचे, गोड की अगोड, हा प्रश्नच नाही. आमचे मधुमेही मामा एका घरी "नुसतं पाणी द्या" म्हणाले. यजमानीणबाईंचा चेहरा उतरला. "अहो, आमच्याकडे काहीच घ्यायचं नाही का?" मामांनी निमूटपणे ग्लास उचलला.

कायद्याने कंपनी घालवता येते हो; आग्रह कोण घालवणार?