सल्ल्याचा वारसा

विद्यापीठांचा इतिहास लिहिला जातो तो इमारतींचा, कुलगुरूंचा, देणगीदारांचा आणि नामवंत विद्यार्थ्यांचा. त्या विद्यार्थ्याने कोणता विषय घ्यावा, कोणते पुस्तक आधी वाचावे, पदवीनंतर कोणाचे दार ठोठवावे, हे त्याला सांगितले कोणी, याची नोंद क्वचितच सापडते. जे घरात फुकट मिळते त्याची नोंद कोणी ठेवत नाही. ज्यांच्या घरात ते नव्हते, त्यांनी मात्र ही नोंद शोधली पाहिजे. मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून त्याच विषयातील दोन विद्यार्थ्यांपासून सुरुवात करतो.

पहिले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. १९२५ साली ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. त्यांना गणित हवे होते, वडिलांना त्यांनी भौतिकशास्त्र घ्यावे असे वाटत होते. तडजोड अशी झाली की नाव भौतिकशास्त्रात नोंदवायचे आणि गणिताच्या तासांनाही बसायचे. विषयाच्या निवडीवर घरात वाद घालता येतो, ही केवढी श्रीमंती आहे! शिवाय सी. व्ही. रामन हे सख्खे काका. १९२८ साली जर्मन शास्त्रज्ञ सोमरफेल्ड मद्रासला आले, तेव्हा हा विद्यार्थी त्यांना भेटायला गेला. तू शिकलास ते जुने झाले, नवा पुंजवाद वाच, असे सांगून सोमरफेल्डनी आपल्या अप्रकाशित निबंधाची मुद्रिते त्याच्या हाती ठेवली. पुढच्याच वर्षी त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. चंद्रशेखरांची प्रतिभा कोण नाकारील? परंतु एवढ्या मोठ्या माणसाला बेधडक जाऊन भेटता येते, हे ज्याला ठाऊक असते त्याच्याच प्रतिभेला असा सल्ला मिळतो.

दुसरे मेघनाद साहा. जन्म १८९३, ढाक्याजवळचे एक खेडे, वडिलांचे किराण्याचे लहानसे दुकान. साहा अस्पृश्य नव्हते. पण त्यांची जात बंगालच्या जातिव्यवस्थेत खालची गणली जाई. गावात प्राथमिक शाळेपुढे काही नव्हते. दूरच्या गावी एका डॉक्टरने त्यांना घरी ठेवून घेतले, पण आपली ताटवाटी आपणच धुवायची आणि गाय सांभाळायची, या अटीवर. थोरला भाऊ आपल्या तुटपुंज्या पगारातून महिन्याला काही रुपये पाठवी. १९११ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आल्यावर वसतिगृहातील उच्चवर्णीय मुलांनी त्यांच्या पंक्तीला बसण्यास आक्षेप घेतला. वर्गात प्रफुल्लचंद्र राय आणि जगदीशचंद्र बोस शिकवत होते, आणि भोजनगृहात मनू शिकवत होता! पुढे १९१६ मध्ये आशुतोष मुखर्जींनी त्यांना विद्यापीठाच्या नव्या विज्ञान महाविद्यालयात गणिताचे अध्यापक नेमले. तेथून ते भौतिकशास्त्राकडे वळले, आणि सत्येंद्रनाथ बोस यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर नवे जर्मन निबंध स्वतः वाचत वाचतच शिकवू लागले. १९२० मध्ये ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ उलगडणारे त्यांचे आयनीभवनाचे समीकरण जगापुढे आले.

या दोन चरित्रांत अंतर बुद्धीचे नाही. एकाला वाट घरातून दिसत होती, दुसऱ्याला ती माणसामाणसाकडून गोळा करावी लागली. सल्ला हीही मालमत्ता आहे. जमिनीसारखीच ती वारसाहक्काने उतरते, आणि जातिव्यवस्थेने तिचेही सातबारे ठरवून ठेवले आहेत.

बाबासाहेबांचा अनुभव तर याहून कठोर आहे. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. विषय निवडून देण्याचे काम तेव्हाही कोणी तरी करत होते. फक्त ते विद्यार्थ्याच्या विरुद्ध होत होते. उलट कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्यांना पुस्तके दिली आणि सयाजीराव महाराजांपर्यंत नेले. एका माणसाच्या ओळखीवर समाजाचे शिक्षण अवलंबून राहू नये, हे बाबासाहेबांनी जाणले होते. मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ आणि औरंगाबादेत १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभे राहिले, त्याचा एक अर्थ हाच आहे. तिथल्या वसतिगृहांत पहिल्यांदा आपल्या मुलांना आपल्यातलाच पुढे गेलेला मुलगा शेजारच्या खोलीत भेटला.

याची किंमत मला माहीत आहे. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. प्रवेशाच्या खिडकीवरच्या माणसाने माझा दाखला पाहिला आणि गणिताच्या रकान्यावर रेघ ओढली. ‘झेपायचं नाही तुला, सोपं काही तरी घे.’ वसतिगृहातल्या, आमच्याच वस्तीतून आलेल्या एका दादाने दुसऱ्या दिवशी मला परत नेऊन तो रकाना भरायला लावला. ती रेघ तशीच राहिली असती तर एम.एस्सी.चा दरवाजा तीन वर्षे आधीच बंद झाला असता, आणि तो बंद झाल्याचे मला कळलेही नसते.

आजही हे असेच चालते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने मेजर, मायनर अशी निवड विद्यार्थ्यापुढे ठेवली. पण निवड म्हणजे स्वातंत्र्य, हे ज्याला माहिती आहे त्याच्यापुरतेच खरे. आयआयटीत एम.एस्सी.ला नेणारी ‘जॅम’ परीक्षा, होमी भाभा केंद्राचा पदवीच्या मुलांसाठीचा उपक्रम, विज्ञान अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्त्या, ही नावे तालुक्याच्या मुलाला बहुधा तिसऱ्या वर्षी कळतात. तोवर उशीर झालेला असतो. नॅकसाठी मेंटॉरची वही मात्र भरलेली असते. थोरात समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या एम्सविषयी अहवाल दिला. तिथल्या बहुसंख्य दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी शिक्षकांचे पुरेसे साहाय्य मिळत नसल्याचे सांगितले होते. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या संस्थेत हे, तर इतरत्र काय असेल?

म्हणून मागणी साधी आहे. सल्ला ही शिक्षकाची मेहेरबानी नव्हे, विद्यार्थ्याचा हक्क आहे. तासिकेसारखी त्याची वेळ ठरलेली हवी. प्रवेश अर्जावरचा प्रत्येक रकाना भरताना कोणते दार उघडते आणि कोणते मिटते, हे विभागाने मराठीत छापून हाती दिले पाहिजे. आणि आपल्यातून जे प्राध्यापक झाले, त्यांनी वस्तीतल्या पुढच्या मुलाची वाट पाहत बसू नये. प्रवेशाच्या दिवसांत त्या खिडकीपाशी स्वतः उभे राहावे.