गिऱ्हाइकांची वही आणि तिची दुरुस्ती

व्यापाराचें खरें भांडवल तिजोरींत नसून गिऱ्हाइकांच्या ओळखींत असतें. कोणाला काय लागतें, कोणाकडून येणें राहिलें, कोणाची तक्रार पडून आहे, हें सारें पूर्वीं मुनिमाच्या स्मरणांत व पेढीच्या वहींत असे. वही जीर्ण झाली म्हणजे नवी बांधून चालू खातीं तींत उतरावयाचीं. आणि हें केव्हां करावयाचें तें मालक ठरवी.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ही वही संगणकांत गेली. अमेरिकेंत १९८७ सालीं ‘अ‍ॅक्ट’ नांवाचें सॉफ्टवेअर विक्रीस आलें. १९९३ मध्यें टॉमस सीबेल व पॅट्रिशिया हाउस यांनीं सीबेल सिस्टिम्स ही कंपनी काढली, आणि अनेक मोठमोठ्या कंपन्यांचीं गिऱ्हाइकांचीं दप्तरें तिच्या सॉफ्टवेअरांत आलीं. परंतु नवी आवृत्ति निघाली कीं ती प्रत्येक कंपनीला आपल्या यंत्रांवर बसवून घ्यावी लागे. मूळ रचनेंत प्रत्येकानें आपल्या सोयीचे फेरफार केलेले असत. ते नव्या आवृत्तींत जुळतीलच असा भरंवसा नसे. जुळणी, चांचणी आणि खर्च यांच्या धास्तीनें पुष्कळ मालक जुन्यावरच भागवीत.

१९९९ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें मार्क बेनिऑफ व त्यांचे सहकारी यांनीं सेल्सफोर्स ही कंपनी स्थापून निराळा मार्ग धरला. सॉफ्टवेअर विक्रेत्याच्याच यंत्रांवर राहावें व व्यापाऱ्यांनीं तें इंटरनेटवरून वापरावें, अशी ही योजना. एके ठिकाणीं केलेली दुरुस्ती सर्वांना मिळूं लागली. तेथें वर्षांतून तीन वेळां नवी आवृत्ति येते. पुढें २००६ च्या आरंभीं सीबेल कंपनी ओरॅकलच्या ताब्यांत गेली. मालकाची दगदग वांचली खरी. परंतु दुरुस्तीची तिथि ठरविण्याचा त्याचा हक्कहि बराचसा विक्रेत्याकडे गेला.

हा हक्क ज्यांच्या हातीं राहिला, त्यांनीं तो बजावला नाहीं तर काय होतें, हें २०१७ सालीं दिसलें. त्या मार्चमध्यें ‘अपाची स्ट्रट्स’ या सॉफ्टवेअरांतील एक छिद्र उघडकीस आलें. तें बुजविणारी दुरुस्ती विनामूल्य उपलब्ध होती. लोकांच्या पतीची नोंद ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीच्या तक्रारी घेणाऱ्या यंत्रणेंत मात्र ती बसविली गेली नाहीं. मे महिन्यांत चोर आंत शिरले. ते जुलैअखेरपर्यंत सांपडले नाहींत. सुमारें १४ कोटि ७० लाख लोकांची खासगी माहिती उघडी पडली. चूक कंपनीची, आणि भीति मात्र त्या लोकांच्या घरीं!

वही व्यापाऱ्याची असली तरी तींतील नांवें परक्यांचीं असतात. तीं विश्वासानें ठेवलेली ठेव होय. सॉफ्टवेअर विक्रेता ताजें ठेवील. परंतु बदललेला पत्ता लिहिणें, नको असलेली नोंद पुसणें आणि नवी आवृत्ति येण्यापूर्वीं ती पारखून घेणें, हें काम पूर्वींप्रमाणेंच पेढीच्या माणसांकडे राहतें.