स्पीकरचा संरोध आणि वॅटक्षमता

स्पीकरच्या चुंबकावर ‘८ ओहम, १० वॅट’ असे छापलेले असते. पहिला आकडा, म्हणजे संरोध, ॲम्प्लिफायरवर पडणारा भार सांगतो, दुसरा स्पीकरची सहनशक्ती. दहा वॅटचा स्पीकर दहा वॅट ‘देतो’ ही समजूत फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात तो मिळेल तेवढीच शक्ती घेतो, आणि ती किती हे विद्युत् दाब व संरोध मिळून ठरवतात.

आज प्रचलित असलेला हलत्या कॉइलचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडला. त्याचा संरोध स्थिर नसतो. तारेच्या रोधात कॉइलचे प्रवर्तकत्व मिसळते, शिवाय चुंबकीय क्षेत्रात हलणारी कॉइल स्वतःच उलटा दाब निर्माण करते. त्यामुळे अनुस्पंदनाच्या कंप्रतेला संरोध कित्येक पट चढतो, मग उतरतो आणि वरच्या सुरांना पुन्हा वाढतो. छापलेले ८ ओहम नाममात्र असतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार संरोध त्याच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे ६.४ ओहमखाली, जाऊ नये. मल्टिमीटर साधारण ६ ओहम दाखवतो, तेव्हा स्पीकर बिघडलेला नसतो. मीटरने फक्त तारेचा रोध मोजलेला असतो.

शक्ती काढायची तर दाबाचा वर्ग करून संरोधाने भागावे. १२ व्होल्टच्या साध्या सर्किटमध्ये तरंगाचे शिखर फार तर ६ व्होल्टचे, त्याचे आरएमएस मूल्य ४.२४. म्हणजे ८ ओहमवर सव्वादोन वॅट, ४ ओहमवर साडेचार. ट्रान्झिस्टरमधील घट धरली तर त्याहूनही कमी. स्पीकरची दोन्ही टोके उलटसुलट चालवणाऱ्या ब्रिज जोडणीत दाब दुप्पट होऊन शक्ती चौपट होते: ४ ओहमवर १८ वॅट. मोटारीतल्या स्टिरिओवर मात्र ‘५० वॅट × ४’ लिहिलेले असते. १४.४ व्होल्टचा सबंध चौकोनी तरंग धरला तर ४ ओहमवर हा आकडा बरोबर येतो. फक्त तसे संगीत कोणी ऐकत नाही. पीएमपीओ, म्हणजे क्षणिक कमाल शक्ती, या नावाने छापलेले हजारो वॅट तर जाहिरातीपुरतेच.

८ ओहमचे दोन स्पीकर एकसरीत जोडले तर १६ ओहम होतात, समांतर जोडले तर ४. कमी ओहम म्हणजे जास्त शक्ती, पण जास्त प्रवाहही. ॲम्प्लिफायरच्या किमान मर्यादेखाली गेल्यास आयसी तापते. उलट, लहान ॲम्प्लिफायर क्षमतेबाहेर ताणला की तरंगाची शिखरे छाटली जातात, वरच्या कंप्रतांची शक्ती वाढते आणि वरचे सूर वाजवणारा नाजूक ट्विटर जळू शकतो.

आवाजाच्या दृष्टीने संवेदनक्षमता बहुधा वॅटपेक्षा मोलाची ठरते. शक्ती दुप्पट केली तर पातळी जेमतेम ३ डेसिबलने वाढते. एक वॅटला एक मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर ८७ डेसिबलवाल्याइतका आवाज निम्म्या शक्तीत काढतो.