नांवापुढील अक्षरें आणि कागदाचा काल

कागदाच्या कालनिर्णयांत उपाधींचें महत्त्व किती, हें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजीं झाला. त्यापूर्वींच्या मितीच्या पत्रांत राज्याभिषेक शक आढळला तर तें पत्र संशयास्पद ठरतें. हाच न्याय अर्वाचीन कागदांसही लागू आहे. इंग्लंडांतील पशुशुश्रूषकांच्या नांवापुढील अक्षरें हें त्याचें बोधप्रद उदाहरण होय.

पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजास १८४४ सालीं राजसनद मिळाली. याच संस्थेनें १९६१ सालीं पशुवैद्यांच्या साहाय्यकांकरितां शिक्षणाची व परीक्षेची योजना सुरू केली. परंतु 'नर्स' हें नांव माणसांच्या परिचारिकांसाठीं कायद्यानें राखलेलें असल्यामुळें त्यांस 'रजिस्टर्ड ॲनिमल नर्सिंग ऑक्झिलिअरी' असें लांबलचक नांव घ्यावें लागलें. त्याचीं अक्षरें आर. ए. एन. ए. पुढें १९८४ सालीं 'व्हेटरनरी नर्स' हें नांव मिळून व्ही. एन. हीं अक्षरें रूढ झालीं. २००७ सालीं स्वतंत्र नोंदवही उघडली गेली आणि तींत दाखल झालेल्यांस आर. व्ही. एन. लिहितां येऊं लागलें. २०१५ च्या नव्या सनदेनें ही नोंदणी दृढ केली.

यावरून परीक्षकानें तीन नियम ध्यानांत ठेवावे. पहिला : अक्षरांवरून कागदाची पूर्वमर्यादा ठरते, उत्तरमर्यादा ठरत नाहीं. १९७५ च्या पत्रावर व्ही. एन. असेल तर संशय घ्यावा. १९९० च्या पत्रावर आर. ए. एन. ए. असेल तर तेवढ्यावरून घेऊं नये, कारण जुनें प्रशस्तिपत्र धारण करणारा हयात असूं शकतो. दुसरा : आर. हें अक्षर परीक्षेचें नव्हे, नोंदणीचें आहे. नोंद गेली कीं तें गेलें. परीक्षा मात्र उत्तीर्ण ती उत्तीर्णच राहते. म्हणून असा कागद त्या त्या वर्षींच्या नोंदवहीशीं ताडून पाहावा. तिसरा : २०१५ च्या सनदेनेंही 'व्हेटरनरी नर्स' हें नांव कायद्यानें राखीव झालें नाहीं. तेव्हां पूर्ण शब्दांत लिहिलेल्या नांवापेक्षां तीन अक्षरांचें प्रमाण अधिक बलवान, असा हा विलक्षण प्रकार आहे.

ही केवळ अक्षरांची उठाठेव नव्हे. १९९१ सालीं १९६६ च्या पशुवैद्य कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टांत दुरुस्ती होऊन यादींतील शुश्रूषकांस पशुवैद्याच्या सूचनेनुसार औषधोपचार व शरीराच्या पोकळींत न शिरणारी किरकोळ शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार मिळाला. मुक्या जनावरास आपल्यावर शस्त्र चालविणाराची सनद पाहतां येत नाहीं. ती पाहण्याचें काम धन्याचें. अधिकार नसतां लिहिलेलें अक्षर आज त्या धन्यास फसवितें आणि उद्यां कागद वाचणारास. म्हणून अशीं प्रशस्तिपत्रें व चिठ्ठ्या संग्रहीं ठेवणारांनीं नांवापुढील अक्षरें जशींच्या तशीं, बिंदूंसह, उतरून घ्यावीं, अशी आमची विनंती आहे. नक्कल करितांना गाळलेलें एक अक्षर मूळ कागद नाहींसा झाल्यावर पुन्हा मिळत नाहीं.