ऑपेरा हाऊस आणि आपण मिरजकर

मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसवर मिरजेच्या सोसायटीच्या स्मरणिकेत लेख कशाला, असं संपादक मंडळातल्या एका स्नेह्यांनी विषय ऐकल्याबरोबर विचारलं. प्रश्न रास्त आहे. तोंडी उत्तर द्यायला गेलो तर चहा गार होईल, तेव्हा लिहूनच देतो म्हटलं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी आणि सौ. मुलाकडे मुंबईला गेलो होतो. त्याने आम्हाला न विचारताच ऑपेरा हाऊसमधल्या एका गाण्याच्या कार्यक्रमाची तिकिटं काढून ठेवली होती. नोकरी रेल्वेत झाली, त्यामुळे चर्नी रोड स्टेशनवर मी आयुष्यात पन्नासदा तरी उतरलो असेन. "ऑपेरा हाऊसला जायचंय" असं टॅक्सीवाल्याला सांगितलंही असेन. पण ती वास्तू आतून कधी पाहिली नव्हती. मुंबईत बहुतेकांचं असंच असतं. ऑपेरा हाऊस म्हणजे बसस्टॉप, ऑपेरा हाऊस म्हणजे हिऱ्यांचा बाजार. ज्या थिएटरामुळे त्या भागाला हे नाव पडलं, ते तेवीस वर्षं कुलूपबंद होतं आणि नाव मात्र रोज लाखो लोकांच्या तोंडी होतं.

आता वास्तूबद्दल. १९०८ च्या सुमारास दोन माणसांच्या डोक्यात ही कल्पना आली. एक मॉरिस बँडमन, कलकत्त्यात मुक्काम ठोकून बसलेला नाटकवाला. भूमध्य समुद्रापासून थेट जपानपर्यंत बंदरा-बंदरांतून आपल्या कंपन्या फिरवणारा हा इसम. दुसरे जहांगीर फ्रामजी काराका, मुंबईतले पारशी गृहस्थ, धंदा कोळशाच्या दलालीचा. कोळशाच्या दलालीत हात काळे, अशी आपल्याकडे म्हण आहे. या माणसाने त्या पैशांतून संगमरवर आणि सोनेरी नक्षीचं नाट्यगृह उभं केलं, हे मला फार आवडलं. १९११ साली, म्हणजे पंचम जॉर्ज बादशहा दिल्ली दरबारासाठी हिंदुस्थानात आले त्या वर्षी, बांधकाम पुरं झालेलं नसतानाच उद्घाटन उरकलं गेलं. 'रॉयल' हे बिरुद त्या काळातलं. शेवटचा हात फिरायला पुढे आणखी काही वर्षं लागली.

शैलीला बरोक म्हणतात. युरोपातल्या राजवाड्यांची आणि चर्चची जुनी शैली, सगळीकडे गोलाई, वेलबुट्टी, पुतळे, सोनेरी रंग. आत शिरलं की आधी डोकं वर जातं. घुमटाच्या आतल्या बाजूला आठ भाग केलेत, कवी आणि नाटककारांना मानवंदना म्हणून. मोठी झुंबरं भायखळ्याच्या ससून घराण्याकडून आलेली. स्टेजच्या दोन्ही बाजूंना राजेरजवाड्यांसाठी बॉक्स आहेत. खाली खुर्च्या, वर एक सज्जा आणि त्याच्यावर आणखी एक बाल्कनी. आमची तिकिटं अर्थातच वरची होती. सौ.ने पायऱ्या चढताना गुडघ्यांबद्दल जे काही सांगायचं ते सांगितलं, पण वर बसल्यावर गप्प झाली. छताचा आकारच असा ठेवलाय की अगदी मागच्या स्वस्त जागेवरच्या माणसालाही शब्द ऐकू जावा. माईक नव्हता त्या काळी. गाणाऱ्याचा गळा आणि वास्तूचं छत, दोघांनी मिळून काम करायचं.

आता ऑपेरा म्हणजे काय, हे थोडक्यात. सुमारे चारशे वर्षांपूर्वी इटलीत फ्लॉरेन्सच्या बाजूला हा प्रकार सुरू झाला. नाटकच, पण बहुतेक सगळं गाऊन. समोर खड्ड्यात वाद्यवृंद बसलेला. तिथे संगीतकार हा राजा. त्याने कागदावर जे लिहिलं तेच बहुतेक करून गाणाऱ्याने गायचं. आपल्या संगीत नाटकाचं उलटं. आपल्याकडे गद्य संवाद, मध्ये पद, आणि पद रंगलं की 'वन्स मोअर'. मग तेच पद पुन्हा, पण वेगळ्या ताना घेऊन. नाटक संपायला पहाट झाली तरी कुणाची तक्रार नाही. या वन्स मोअरपायी नाटक मरतं, असं जुने टीकाकार म्हणत आले आहेत. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, पण वन्स मोअर नसता तर घराघरांत नाट्यपदं पोचली असती का, हेही पाहिलं पाहिजे.

बँडमनचा धंदा खरं म्हणजे साहेब लोकांसाठी होता. पण शहरात साहेब किती आणि थिएटर किती मोठं! काही वर्षांतच तिथे सिनेमाही दाखवायला लागले, आणि मराठी-गुजराती-हिंदी नाटकंही आली. बालगंधर्व तिथे गायले, मास्टर दीनानाथ गायले, पुढे पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सची 'दीवार', 'पठाण' ही नाटकं तिथे झाली. माझे मोठे काका तेव्हा गिरगावात चाळीत राहून नोकरी करत. ते सांगायचे, खेळ संपला की पृथ्वीराज स्वतः दारात झोळी पसरून मान खाली घालून उभे राहायचे. निर्वासितांसाठी, दुष्काळासाठी, ज्या कामाला लागेल त्या कामासाठी. कोण किती टाकतो ते दिसू नये म्हणून मान खाली. काकांनी चार आणे टाकले होते. ते चार आणे आमच्या घरात इतक्या वेळा सांगितले गेलेत की आम्हीच टाकल्यासारखं वाटतं.

बादशहाच्या नावाने बांधलेल्या घरात बालगंधर्व गायले, आणि इथेच आपण मिरजकर या गोष्टीत येतो.

१९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा मिरजेत आला. त्याला कानाने नीट ऐकू येत नसे. शाहू महाराजांनी त्याला इलाजासाठी आपल्या मिशन हॉस्पिटलात डॉ. वॉनलेस यांच्याकडे पाठवलं होतं. त्याच वेळी किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम मिरजेत होता. मुलाचं गाणं मंडळीच्या कानावर गेलं आणि मिरजेतच तो 'शाकुंतल'मध्ये शकुंतला होऊन पहिल्यांदा उभा राहिला. पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे ते उगीच नाही.

मागे गेलं तर धागा आणखी लांब जातो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केलं. राजाश्रय गेल्यावर हीच सांगलीकर मंडळी बैलगाड्यांतून गावोगाव हिंडत १८५३ साली मुंबईला पोचली आणि तिथल्या ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. हे थिएटर जगन्नाथ शंकरशेट यांच्या जागेवर उभं राहिलेलं. ग्रँट रोड म्हणजे चर्नी रोडच्या पुढचं स्टेशन. ऑपेरा हाऊसची पहिली वीट बसायच्या पन्नासेक वर्षं आधी आपल्या कृष्णाकाठच्या माणसांनी त्या भागात मराठी नाटकाला तिकीट काढून येणारा प्रेक्षक तयार केला होता. नंतर १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं. 'शारदा' लिहिणारे देवल आपल्या हरिपूरचे. ज्या १९११ साली तिकडे ऑपेरा हाऊसचं उद्घाटन झालं, त्याच वर्षी मुंबईत 'मानापमान' रंगभूमीवर आलं, आणि ते लिहिणारे खाडिलकर सांगलीचे. मास्टर दीनानाथांचा संसारही पुढे काही वर्षं सांगलीत होता. आशाबाईंचा जन्म १९३३ सालचा, सांगलीतला.

आणि वाद्यं? त्या संध्याकाळी स्टेजवर दोन तानपुरे होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणि सतारमेकर गल्लीतले हात, यांच्यातून निघालेला तानपुरा देशभर जातो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. समोरचे ते दोन तानपुरे मिरजेचेच, असं सौ.ने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. मी वाद घातला नाही. तानपुरे लागले तेव्हा मला दर्ग्याच्या उरुसातली संगीत सभा आठवली. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, ते मद्रासकडे प्रवासात असताना. पण दफन झाले ते मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. तिथे वर झुंबर नसतं, बसायला सतरंजी असते, पण ऐकणारा तसाच असतो.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते. ऑपेरा हाऊस वाचलं कसं?

१९३५ नंतर ते मुख्यतः सिनेमा थिएटर झालं. १९५२ साली गोंडलच्या राजघराण्याने ते विकत घेतलं. टीव्ही आला, व्हिडिओ आला, एकपडदा थिएटरांचे दिवस फिरले. १९९३ साली दार बंद झालं. आजूबाजूला हिऱ्यांचा बाजार, जागेचा भाव विचारायची सोय नाही. पाडून तिथे टॉवर बांधा, असं सुचवायला माणसं कमी नसतील. पण मालकांनी पाडलं नाही. वर्षानुवर्षं उत्पन्न शून्य, छत गळतंय, तरी ठेवलं. मग आभा नारायण लांबा या वास्तुरचनाकार बाईंनी काम हाती घेतलं. २०१२ साली जगातल्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत या वास्तूचं नाव आलं. जुने फोटो धुंडाळून नक्षी, रंग, रंगीत काचा, बॉक्स सगळं पुन्हा उभं केलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये दार उघडलं तेव्हा पॅट्रिशिया रोझारियो गायल्या, मुळात मुंबईत जन्मलेल्या पण इंग्लंडमध्ये नाव कमावलेल्या ऑपेरा गायिका. पुढच्या वर्षी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. भारतात शिल्लक राहिलेलं एकमेव ऑपेरा हाऊस म्हणून आज त्याची ओळख आहे. खुर्च्या पावणेसहाशेच्या आसपास.

उलटं उदाहरण लांब नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१५ साली पॅलेस थिएटर उघडलं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये एका रात्रीत आगीत त्याची राख झाली, तीही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. आपल्यापैकी कितीतरी जण दुसऱ्या दिवशी मुद्दाम कोल्हापूरला जाऊन बघून आले. परत आल्यावर दोन दिवस सोसायटीच्या बाकावर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. ते पुन्हा बांधायचं ठरलं, याचा आनंद आहे. पण शंभर वर्षांचं लाकूड बाजारात मिळत नाही.

आपल्या सोसायटीचा हॉल म्हणजे काही ऑपेरा हाऊस नव्हे, हे मला कळतं. पण त्यात एक स्टेज आहे. बारा फूट खोल, वीस फूट रुंद, दीड फूट उंच. पहिल्याच वर्षी गणपतीत आपण वर्गणीतून बांधलं. त्याच्यावर आपल्या मुलांनी नाटुकली केली, महिला मंडळाने भोंडला आणि मंगळागौर केली, वरच्या मजल्यावरच्या एका आजींनी पंचाहत्तरीला 'सौभद्र'मधलं पद म्हटलं आणि आपण तिलाही वन्स मोअर दिला. आज तिथे मोडके सायकल-स्टँड आणि पाण्याच्या टाकीचे जुने पाईप पडले आहेत. येत्या वार्षिक सभेत ते स्टेज काढून दुचाकींसाठी जागा करायचा विषय आहे. पार्किंगची अडचण खरी आहे, माझीच स्कूटर पावसात भिजते. बाजूने बोलणारे लोक चुकीचं बोलत नाहीत. तरीही माझं मत विरोधी आहे आणि ते मी सभेतही मांडणार आहे. ऑपेरा हाऊस तेवीस वर्षं रिकामं होतं, पण ते होतं, म्हणून उघडता आलं. आपण स्टेज फोडलं की पुढच्या पिढीला वर्गणी काढून नवं बांधावं लागेल, आणि तेव्हाचा सिमेंटचा भाव काय असेल, देव जाणे.

गाड्यांसाठी मागच्या कंपाउंडलगत पत्र्याची शेड होऊ शकते. मी मापं घेतली आहेत. पंधरा दुचाकी आरामात बसतात. स्टेजच्या मागच्या भिंतीला ओल आली आहे, ती वरच्या पाईपच्या जोडातून येते. ते काम पावसाळ्याआधी व्हायला हवं. दोन्हींचं अंदाजपत्रक मी सेक्रेटरींकडे दिलं आहे, ज्यांना पाहायचं असेल त्यांनी ऑफिसात मागून घ्यावं.

आणि ऑपेरा हाऊस पाहायचं असेल तर रात्रीची महालक्ष्मी पकडा, सकाळी दादरला उतरा, पश्चिम रेल्वेने चर्नी रोड. फक्त बघायला म्हणून गेलात तर दार बंद मिळायची शक्यता जास्त, तेव्हा आधी कार्यक्रमाचं तिकीट काढूनच जा. वरच्या बाल्कनीचं काढा. तिथून घुमट चांगला दिसतो. पायऱ्या बऱ्याच आहेत.