ल पुई ते ओस्ताबा : एका फ्रेंच यात्रामार्गाचीं कागदी साधनें

फ्रान्सच्या दक्षिणार्धांतील ल पुई या नगराहून निघून ओब्राकचें पठार, लॉत नदीचें खोरें व गास्कनींतील शेतें ओलांडीत पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशीं जाणारी एक पायवाट आज सर्व युरोपांत प्रसिद्ध आहे. झाडांच्या बुंध्यांवर, कुंपणाच्या दगडांवर आणि गांवच्या भिंतींवर पांढरा व तांबडा असे दोन आडवे पट्टे रंगविलेले असतात. त्यांच्या आधारानें पदयात्री सुमारें साडेसातशें किलोमीटर चालून सें-झां-प्ये-द-पोर येथें पोंचतो. स्पेनमधील सांत्यागो येथें संत याकोबाच्या समाधीस जाणाऱ्या मध्ययुगीन यात्रेकरूंचा हाच मार्ग, असें वाटेंतील गांवोगांवीं सांगण्यांत येतें. हें विधान कोणत्या कागदांवर उभें आहे व ते कागद त्याचें किती वजन पेलूं शकतात, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. मार्गाच्या रमणीयतेविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत.

या मार्गाशीं जोडलें जाणारें सर्वांत जुनें साधन म्हणजे एका पोथीची प्रस्तावना होय. ल पुईचा बिशप गोदेस्काल्क हा मोठा परिवार बरोबर घेऊन गॅलिशिया प्रांतीं संत याकोबाच्या दर्शनास गेला. वाटेंत रिओहांतील अल्बेल्दा येथील मठांत त्यानें तोलेदोच्या संत इल्देफोन्सोच्या मरियेच्या कौमार्यावरील ग्रंथाची नक्कल मागितली. ती गोमेस नामक भिक्षूनें करून दिली आणि आरंभीं सर्व हकीकत नोंदवून ठेविली. बिशप हिवाळ्यांत, जानेवारीच्या आरंभीं, ही पोथी घेऊन आक्वितेनकडे परतला, असें तो लिहितो व काल ‘एरा ९८९’ असा देतो. स्पेनमधील ही कालगणना इसवी सनाच्या ३८ वर्षें पुढें असल्यामुळें इ. स. ९५१ हें वर्ष निघतें. त्याच दिवसांत राजा रामिरो मरण पावला, असेंही त्यानें टिपलें आहे. दुसऱ्या रामिरोचा मृत्यु ९५१ च्या जानेवारींतच मानितात, तेव्हां मेळ उत्तम बसतो. पोथी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत लॅटिन २८५५ या क्रमांकाखालीं आहे.

समकालीन, स्थलकालनिर्देशयुक्त व दुसऱ्या घटनेनें पडताळतां येणारें असें साधन कोणत्याही संशोधकास हवेंसें वाटेल. परंतु मार्गाच्या दृष्टीनें त्याचें मोल बेताचेंच आहे. ल पुई आणि अल्बेल्दा यांच्या दरम्यानचें एकही गांव गोमेस सांगत नाहीं. बिशप गेला व परत आला, एवढें निश्चित. पुढें ९६१ च्या सुमारास ल पुईजवळील सुळक्यासारख्या खडकावर संत मिखाएलाचें मंदिर त्याच्या हस्तें प्रतिष्ठित झालें. तेथवर चढावयास आज २६८ पायऱ्या आहेत. सध्यांच्या पायवाटेच्या आरंभीं या बिशपाचें नांव आद्य यात्रेकरू म्हणून घेतलें जातें, तें योग्यच आहे. पण त्याची पावलें याच वाटेनें पडलीं असें म्हणणें कागदाच्या पुढें जाणें होय.

दुसरें साधन बाराव्या शतकांतलें, व त्यावरच सारी इमारत उभी आहे. सांत्यागोच्या प्रधानमंदिरांत ‘कोडेक्स कालिक्स्तिनस’ नांवाचें पांच खंडांचें हस्तलिखित आहे. (तें २०११ च्या जुलैंत चोरीस गेलें आणि वर्षभरानें एका मोटारगाडीच्या खोलींत सांपडलें.) त्याचा पांचवा खंड म्हणजे यात्रेकरूंसाठीं लिहिलेला मार्गदर्शक, त्याचें कर्तृत्व पुष्कळ अभ्यासक प्वातूकडील एमरिक पिको याच्याकडे देतात. पहिल्याच अध्यायांत फ्रान्समधून येणारे चार रस्ते सांगितले आहेत. पैकीं आपल्या मार्गाचें वर्णन काय आहे? ल पुईची मरिया, कोंकची संत फ्वा, मोआसाकचा संत पेत्र, एवढींच तीन नांवें. मग हा रस्ता व दुसरे दोन ओस्ताबा येथें मिळतात, आणि चौथा पुढें स्पेनमध्यें पुएन्ते ला रेइना येथें. आठव्या अध्यायांत पुन्हा एकदां उल्लेख येतो: ल पुईच्या वाटेनें जाणाऱ्या बर्गंडीच्या व जर्मन लोकांनीं संत फ्वेच्या देहाचें दर्शन घ्यावें. फ्रान्समधील या वाटेच्या दिशेविषयीं ग्रंथांत याहून अधिक कांहीं नाहीं.

आपल्याकडील महानुभावांची स्थानपोथी ज्यांच्या हाताखालून गेली असेल त्यांस येथील भेद ताबडतोब कळेल. स्थानपोथींत कोणतें स्थान गांवाच्या कोणत्या दिशेस, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूस, हें इतक्या बारकाईनें दिलें आहे कीं आजही शोध घेतां येतो. उलट, या लॅटिन मार्गदर्शकांत कोंक आणि मोआसाक यांच्यामध्यें आजच्या वाटेनें दोनशें किलोमीटरांच्या आसपास पडणारें अंतर एका ‘आणि’ या शब्दानें ओलांडलें आहे. मोआसाकपासून ओस्ताबापर्यंतचें तीनशेंहून अधिक किलोमीटरांचेंही तेंच. शिवाय या ग्रंथाच्या नकला थोड्याच झाल्या. ११७३ सालीं रिपोल मठाच्या आर्नाल्दो द मोंते यानें सांत्यागोस जाऊन कांहीं खंड उतरून नेले, ही त्यांतील प्रसिद्ध नक्कल. मुद्रणाचा योग १८८२ पर्यंत आला नाहीं. त्या सालीं फिता व व्हिंसों यांनीं मूळ छापलें, आणि १९३८ त झान व्हिएलियार यांनीं फ्रेंच भाषांतरासह दिलें. तेव्हां वाटसरू हें पुस्तक झोळींत घालून चालत असे, ही कल्पना सोडून द्यावी.

मधलीं गांवें मग कशीं आलीं? याचा उलगडा एकेका स्थळाच्या कागदांतून होतो व तेथेंच विषयाची खरी गोडी आहे. कोंक हें अरुंद दरींत दडलेलें गांव. रस्ता तेथें वळण्याचें कारण भूगोलांत सांपडत नाहीं, एका चोरींत सांपडतें. त्या मठाच्या स्थलांतरकथेप्रमाणें आरिविस्कस नांवाचा भिक्षु आजां येथें अनेक वर्षें विश्वासानें राहिला आणि ८६६ च्या सुमारास संत फ्वेच्या अस्थि उचलून कोंकला घेऊन आला. कथा चोरणाऱ्यांच्याच घरीं लिहिलेली असल्यानें तींत पश्चात्तापाचा लवलेश नाहीं! अकराव्या शतकाच्या आरंभीं आन्जेच्या बर्नारनें तेथील चमत्कारांचा ग्रंथ रचला, दर्शनास गर्दी लोटली, मोठें मंदिर झालें. मठाच्या दानपत्रांचा संग्रह देझारदें यांनीं १८७९ सालीं छापला असून तो आजही त्या टापूच्या इतिहासाचा कणा आहे. मंदिर पडावयास आलेलें असतां १८३७ सालीं प्रॉस्पेर मेरिमे हे सरकारी निरीक्षक तेथें आले आणि त्यांच्या अहवालामुळें तें वांचलें.

पुढील मुक्काम फिझाक. मार्गदर्शकांत त्याचें नांव नाहीं. दरींतील मठ अडचणीचा म्हणून आक्वितेनच्या पहिल्या पेपेंच्या कारकीर्दींत, ८३८ सालीं, ‘नवें कोंक’ म्हणून तें वसलें. पुढें नव्या मठास जुन्याचें ज्येष्ठत्व सोसवेना; सबब आपली स्थापना ७५५ सालीं खुद्द पेपें ल ब्रेफ यानेंच केली असें सांगणारी सनद तेथें तयार करण्यांत आली. सनद बनावट होय हें आतां निर्विवाद आहे. भांडण १०९६ च्या नीमच्या धर्मसभेंत तुटलें व दोन्ही मठांस वेगळे अधिपति मिळाले. वतनाच्या तंट्यांतील बनावट महजर चाळणाऱ्या वाचकांस ही हकीकत परकी वाटणार नाहीं. चित्रलिपि उलगडणारा शांपोलिओं १७९० सालीं याच गांवीं जन्मला, हा योगायोग मात्र विलक्षण.

ओब्राकचें उदाहरण याच्या उलट आहे. सुमारें तेराशें मीटर उंचीच्या या उघड्या पठारावर फ्लँडर्सच्या आदालार नामक सरदारानें ११२० च्या सुमारास यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा घातली. धुक्यांत व बर्फांत चुकलेल्यांस हांक देणारी तेथील घंटा प्रसिद्ध आहे. मार्गदर्शक जगांतील तीन थोर धर्मशाळा गणतो त्यांत ही नाहीं; तरी यात्रेकरू पठारावरून जात याला धर्मशाळेहून दुसरा पुरावा कशाला हवा? ग्रंथाचें मौन म्हणजे अभाव नव्हे, एवढें यावरून ध्यानांत ठेवावें. मात्र पठारावरील ज्या रुंद, दगडी बांधांमधल्या वाटांनीं आज लोक चालतात त्या पुष्कळ अंशीं गुरें उन्हाळी कुरणांत नेण्याच्या वाटा आहेत.

आतां रंगविलेल्या रेषेकडे वळूं. लांब पल्ल्याच्या पायवाटांची राष्ट्रीय समिति फ्रान्समध्यें १९४७ सालीं स्थापन झाली; झां लोआझो हे तिचे प्रवर्तक. ल पुईची वाट, क्रमांक ६५, हिची आंखणी १९७० नंतरच्या वर्षांत टप्प्याटप्प्यानें झाली. आंखणाऱ्यांनीं डांबरी सडका टाळल्या, आणि येथेंच मेख आहे. मध्ययुगांत ज्या रस्त्यानें रहदारी चाले तोच बहुधा पुढें हमरस्ता झाला. म्हणून जुना मार्ग अनेकदां मोटारींच्या चाकांखालीं आहे आणि पदयात्री शेजारच्या शेतवाटेनें जातो. ती शेतवाट जुनी असेल, पण ती गाडीवाल्याची व गुराख्याची. ओस्ताबाजवळ तीन रस्ते मिळाल्याची खूण म्हणून दाखविला जाणारा शिलास्तंभ १९६४ सालचा आहे, हेंही सांगून टाकावें. फ्रान्समध्येंच देनीझ पेरिकार-मेआ यांनीं या चार रस्त्यांच्या रूढ कल्पनेवर कडक टीका केली आहे व ती मला बव्हंशीं मान्य आहे.

तथापि युनेस्कोनें १९९८ सालीं ‘फ्रान्समधील सांत्यागोचे मार्ग’ जागतिक वारशांत घेतले तेव्हां ७१ वास्तूंबरोबर पायवाटेचे सात तुकडे नोंदले, आणि ते सातही याच वाटेवरील आहेत: नास्बिनाल ते सें-शेली-दोब्राक, फेसेल ते काझार्क, लेक्तूर ते कोंदों इत्यादि. त्यांची एकूण लांबी दीडशें किलोमीटरांहून थोडी अधिक भरते, म्हणजे सर्व वाटेचा पांचवा हिस्सा. यांत लेक्तूर ते कोंदों हा तुकडा विशेष मोलाचा. कारण त्यावरील ला रोमियू या गांवाचें नांवच त्या बोलींतील ‘यात्रेकरू’ या शब्दापासून आलें आहे. स्थलनामाची साक्ष पट्ट्यांच्या रंगापेक्षां कितीतरी जुनी.

आंखणीनें एक काम मात्र असें केलें कीं ज्याचा लाभ संशोधकांसही होईल. फ्रेंच कायद्यानें शेतवाट ही ग्रामसंस्थेची विकतां येण्याजोगी मालमत्ता आहे, आणि शेतांचें एकत्रीकरण होतांना अशा असंख्य वाटा नांगराखालीं गेल्या. २२ जुलै १९८३ च्या कायद्यानें पदभ्रमणाच्या मार्गांची नोंदवही प्रत्येक जिल्ह्यास ठेवावयास लाविली. तींत चढलेली वाट पर्यायी वाट दिल्याखेरीज मोडतां येत नाहीं. त्यामुळें १८०७ च्या कायद्यान्वयें झालेल्या नेपोलियनकालीन मोजणीच्या नकाशांवरील वाटा येथें प्रत्यक्ष जमिनीवर ताडून पाहतां येतात. हे नकाशे गांववार असून जिल्ह्यांच्या दप्तरखान्यांत आहेत. ल पुई ते ओस्ताबा या वाटेचा यापुढील अभ्यास त्यांवरून, एकेक गांव घेऊन, व्हावयास पाहिजे.